साडेअकराची वेळ

तांगेरांगमधल्या सूतगिरणीच्या फाटकासमोर पहिल्यांदा जेवलो, तेव्हा ताटात काय काय आहे ते मला सांगता आलं नसतं. जागा मात्र ओळखीची वाटली. तांगेरांग हे जकार्ताला पश्चिमेकडून चिकटलेलं कारखान्यांचं शहर. भारतातून गेलेल्या रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायची यंत्रं, तिथे बसवून द्यायची होती. काम दीड महिन्याचं होतं आणि कंपनीच्या रोजच्या भत्त्यात हॉटेलातलं एक जेवण कसंबसं बसत होतं. पहिले चार दिवस पाव आणि केळ्यांवर काढले. पाचव्या दिवशी गिरणीतल्या एका फिटरने अकरा वाजता माझा हात धरला आणि मला रस्त्यापलीकडे नेलं.

दहा बाय बाराची खोली. समोरच काचेचं कपाट आणि त्यात वीसेक ताटल्यांमधून मांडलेल्या भाज्या, अंडी, मासळी. कपाटाला लागून लांब बाक, त्यावर कपाटाकडे तोंड करून बसलेले कामगार. बाईने ताटलीत भात घातला. मी काचेवर बोट ठेवत गेलो, ती वाढत गेली. जेवण झाल्यावर फिटरने आम्ही काय काय खाल्लं ते तोंडी सांगितलं, तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि आकडा सांगितला. दोघांचं मिळून जे झालं, तेवढ्यात हॉटेलात चहासुद्धा मिळाला नसता.

ही माझ्या आईची खाणावळ होती.

लालबागच्या चाळीत आमच्या एका खोलीत आई चोवीस मेंबर जेवायला घालायची. महिन्याचे पैसे देऊन जेवणाऱ्याला खाणावळीत मेंबर म्हणत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पंधरा मिनिटांत पंगत बसायची, आणि भाकरी तव्यावरून सरळ ताटात पडायची. गिरणगावात अशा खाणावळवाल्या हजारोंनी होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर गावी गेले आणि बहुतेक जण परतलेच नाहीत. वर्षभरात आईने मोठी पातेली माळ्यावर टाकली.

आई एक गोष्ट वारंवार सांगायची. रोज येणाऱ्या माणसाला शिळं घालता येत नाही, कारण तो उद्याही याच पाटावर बसणार असतो. नंतरची पंचवीस वर्षं यंत्रं बसवायला आणि दुरुस्त करायला मी आशियातल्या पुष्कळ शहरांत हिंडलो. कुठल्याही शहरात स्वस्त आणि चांगलं जेवण शोधताना आईचं हे एकच वाक्य मला पुरलं. ज्या दुकानात तीच माणसं रोज येतात, तिथे जेवायचं. अशी दुकानं ओळखायची कशी, एवढंच शिकायचं असतं.

तांगेरांगच्या त्या दुकानाला वार्तेग म्हणतात. ‘वारुंग’ म्हणजे छोटं दुकान आणि ‘तेगल’ हे मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव; दोन्ही मिळून वार्तेग. तेगल आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं पोटासाठी जकार्ताला आली आणि इथल्या बांधकाम मजुरांना, रिक्षावाल्यांना, कारकुनांना जेवू घालू लागली. बरीच वार्तेग दोन नातेवाईक कुटुंबं आळीपाळीने चालवतात. एक कुटुंब काही महिने दुकान बघतं, तोवर दुसरं गावी जाऊन शेती करतं, मग अदलाबदल. कोकणातून येऊन गिरणीत राबणारा आणि पेरणीला गावी जाणारा आमच्या चाळीतला माणूस मला त्यांच्यात दिसायचा.

वार्तेगमध्ये काय घ्यावं? तेंपे जरूर घ्या. अख्खे सोयाबीन उकडून, आंबवून त्याची वडी करतात. ती बारीक चिरून गोडसर सोया सॉसमध्ये परततात, त्याला ओरेक म्हणतात. लाल मिरचीच्या वाटणातलं वांगं असतं. सायुर आसेम नावाचं चिंचेचं आंबट, पातळ कालवण असतं. त्यात मक्याचे तुकडे, शेंगदाणे आणि चवळीच्या शेंगा असतात. गरम भातावर ते घेतलं की आपल्या माणसाला आमटीची आठवण होते. बरोबर बिनसाखरेचा फिका चहा.

आता वेळेचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. आपण परदेशात फिरायला जातो, सकाळी उशिरा निघतो, देऊळ-राजवाडा बघतो आणि दीड-दोनला भूक लागल्यावर जेवायची जागा शोधायला लागतो. तोवर कामगारांची दुकानं उपडी घातलेली असतात. आग्नेय आशियात दुपारचं जेवण साडेअकराला ऐन भरात येतं. पहाटे बाजारातून आणलेला माल सकाळी शिजतो आणि साडेबारापर्यंत संपतो. या दुकानांना मोठा फ्रीज परवडत नाही. रोजचं रोज आणणं आणि रोजचं रोज संपवणं यावरच त्यांचा धंदा चालतो. म्हणून ती स्वस्त असतात, आणि ताजीही म्हणूनच असतात. साडेअकराला तुम्ही जे खाता ते तासा-दोन तासांपूर्वी चुलीवर होतं. दुपारी तीनला त्याच ताटलीत उरलेलं खाल, तर ते चार-पाच तास उकाड्यात उघडं पडलेलं असतं. शिजवलेलं अन्न साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर गरम राहिलं तर सहसा बिघडत नाही. त्याखाली कोमट पडून राहिलं की जंतू भराभर वाढतात. भातालाही हेच लागू आहे. दुकान तेच, बाई तीच, पदार्थ तोच. फरक फक्त घड्याळाचा.

पंचवीस वर्षांत माझं पोट एकदाच सपाटून बिघडलं. ते रस्त्यावरच्या जेवणाने नव्हे. एका थंडगार, झुंबरं लावलेल्या हॉटेलात रात्री दहा वाजता जवळजवळ रिकाम्या दालनात जेवलो होतो. चाळीस पदार्थ मांडले होते आणि जेवणारे आम्ही पाच जण. आईने ती मांडणी बघून मला दारातूनच मागे फिरवलं असतं.

हनोईने मला पाटी वाचायला शिकवलं. व्हिएतनामी लिपी रोमन आहे, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी अक्षरं जुळवता येतात. तिथल्या चांगल्या दुकानांची नावं बहुधा अगदी साधी असतात: पदार्थाचं नाव, मग घराचा क्रमांक, खाली रस्ता. फो ४९, बात दान रस्ता. बस. दुकानाचं नाव म्हणजेच त्याचा एकमेव पदार्थ. फो हे हाडांच्या रश्शातलं तांदळाच्या शेवयांचं जेवण हनोईकर सकाळी न्याहारीला खातो. बात दानच्या दुकानात आधी रांग लावायची, पैसे द्यायचे आणि आपला वाडगा आपणच उचलून न्यायचा. दुपार झाली की बुन चाचा धूर गल्ल्यांत भरतो. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबट-गोड पाणी, शेवया आणि टोपलीभर हिरवा पाला. २०१६च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम करणारे अँथनी बोर्डेन ज्या दुकानात प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून बुन चा जेवले, तिथलं ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलंय. दोघांचं बिल सहा डॉलरच्या आसपास झालं होतं. त्या दुकानाबद्दल माझी तक्रार नाही. पण टेबल बघायला जाल तर तेवढ्यासाठी जा. जेवायला तुमच्या मुक्कामाच्या गल्लीतला धूर पुरेसा आहे.

मी स्वतः हनोईत सगळ्यात जास्त जेवलो ते ‘कम बिन्ह झान’ लिहिलेल्या दुकानांत. कम म्हणजे भात, बिन्ह झान म्हणजे सामान्य जन. सामान्यांचा भात! इतकी सरळ पाटी मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिली नाही. इथेही काचेमागे ट्रे, इथेही बोट दाखवायचं. टोमॅटोच्या रश्शातलं टोफू, लसणीवर परतलेली राऊ मुओंग म्हणजे आपल्याकडची नाळीची भाजी, आणि ती भाजी उकडलेलं पाणीच आंबट करून वाडग्यात. मिठात मुरवलेली छोटी पांढरी वांगी तोंडाला चव आणतात. साडेबारा वाजले की दुकानदारीण स्टूल एकावर एक रचते आणि तिथेच चटई टाकून आडवी होते. मी एकदा पावणेदोनला गेलो आणि उपाशी परत आलो.

शाकाहारी वाचक एव्हाना अस्वस्थ झाले असतील. त्यांच्यासाठी थोडं थांबून लिहायला हवं. आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी माळकरी होते. बँकॉकला आणि हनोईला ते माझ्याबरोबर दोन-दोन महिने राहिले आणि त्यांनी नेम मोडला नाही. अडचण मांसाची नसते, मांस दिसतं. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची असते. थायलंडच्या रोजच्या स्वयंपाकात जवळजवळ सगळीकडे नाम प्ला पडतं, म्हणजे मासे मिठात मुरवून गाळलेलं पाणी. व्हिएतनाममध्ये त्यालाच नुओक माम म्हणतात. इंडोनेशियात कोळंबीची सुकी पेस्ट असते, तिचं नाव तेरासी. वर सांगितलेल्या सायुर आसेममध्येही ती बहुधा असते. ‘मांस नको’ म्हटलं तर बाई मांसाचे तुकडे बाजूला काढून प्रेमाने वाढते, आणि तिच्या समजुतीने ते बरोबरच असतं. म्हणून तिथला स्वतःचा शब्द वापरायला हवा.

थायलंडमध्ये तो शब्द ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेला आहार. त्यात मांस, मासळी, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आमच्या माळकरी बुवांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचा चातुर्मासच त्यांना बँकॉकमध्ये भेटला. अशा दुकानावर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल थाई अक्षरं. लांबून ती इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस जे पाळण्याचा उत्सव असतो. तो बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारासच येतो. त्या नऊ दिवसांत बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये, याओवारात रस्त्यावर, दोन्ही बाजूंना पिवळे झेंडेच झेंडे लागतात.

व्हिएतनाममध्ये शब्द ‘चाय’. आपला चहा मनात आणू नका. ‘कम चाय’ म्हणजे शाकाहारी भात. तिथले पुष्कळ बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात. म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास. आमचे बुवा घरून आणलेली दिनदर्शिका खोलीच्या भिंतीला लावत आणि त्यावरून बेत करत. पौर्णिमेला हनोईतल्या एरवी मांसाच्या दुकानांतही चायचे ट्रे लागतात, आणि देवळांजवळच्या दुकानांत तर रांग लागते. तैपेईत शाकाहारी जेवण तोलून मिळतं. पन्नासेक पदार्थांमधून ताटली भरायची, ती वजनकाट्यावर ठेवायची आणि भरेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. शाकाहारी मराठी माणसाला आशियात एकच शहर सुचवायचं असेल तर मी तैपेई सुचवीन.

बँकॉकमध्ये आमचं दुपारचं दुकान ‘खाव केंग’चं असे. खाव म्हणजे भात, केंग म्हणजे रस्सा. ही दुकानं सरकारी कचेऱ्यांच्या मागे, इस्पितळांच्या फाटकाशी आणि बाजारात सापडतात. एक किंवा दोन रस्से भातावर ओतून घ्यायचे, वर हवं तर तळलेलं अंडं. चमच्याने खायचं, काट्याने फक्त ढकलायचं. बँकॉकच्या जुन्या दुकानांवर एक खूणही शोधा: हिरवा वाडगा. थाई राजघराण्यातले थनद्श्री स्वस्तिवत् यांनी १९६१ साली शेल या तेल कंपनीसाठी खाण्याच्या दुकानांची शिफारस सुरू केली. कंपनीला अर्थातच आपला माल खपवायचा होता. पण माणूस जातिवंत खवय्या होता, आणि त्याने गल्लीबोळांतली साधी दुकानं शोधून काढली. ते २०१९मध्ये वारले. काही पाट्या आता इतक्या जुन्या आहेत की स्वयंपाकी बदलून गेला असेल. तेव्हा हिरवा वाडगा दिसला तरी आत कोण बसलंय ते पाहायचंच.

फाटक हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नव्या शहरात मी आधी सरकारी इस्पितळ, न्यायालय, बस डेपो, भाजीचा घाऊक बाजार किंवा विद्यापीठाचं मागचं दार कुठे आहे ते बघतो. तिथे ठरावीक पगाराची माणसं रोज, ठरावीक वेळेला, मोजक्या सुट्टीत जेवतात. सोलमध्ये तर टॅक्सीवाल्यांसाठीच वेगळी दुकानं आहेत. त्यांना किसा शिक्दांग म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरांची खाणावळ. कोरियात पुष्कळ ठिकाणी एकट्या माणसाला जेवण देत नाहीत, किमान दोघांचं घ्यावं लागतं. ड्रायव्हर मात्र एकटाच येतो, म्हणून इथे एकट्याचं ताट मिळतं. भात, सार, चार-पाच तोंडीलावणी, आणि तोंडीलावणी संपली की पुन्हा. बाहेर टॅक्सी उभ्या दिसल्या की आत शिरायचं. शाकाहारी माणसाचे मात्र सोलमध्ये हाल होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

सिंगापूरला हे सगळं शोधावं लागत नाही, सरकारने आधीच एका छताखाली आणून ठेवलंय. तिथेही एके काळी विक्रेते रस्त्यावरच होते. १९७१पासून पुढच्या पंधरा वर्षांत त्यांना परवाने देऊन, पाणी आणि गटाराची सोय असलेल्या हॉकर सेंटरांत हलवलं गेलं. आज अशी शंभरावर केंद्रं आहेत, आणि २०२०च्या डिसेंबरात युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. २०१६मध्ये दोन साध्या गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला. त्यातला एक सुमारे दोन सिंगापूर डॉलरांत कोंबडी-भात देत होता. त्यानंतर तिथे रांगा लागल्या. तासभर उभं राहण्यापेक्षा मी शेजारच्या गाळ्यावर जातो, जिथे साठीचे आजोबा तीस वर्षं एकच पदार्थ करताहेत. टेबलावर टिश्यूचं पुडकं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः ठरल्या जागी ठेवा. २०२१पासून ते सक्तीचं आहे. कॉफी मागताना नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर आटीव गोड दूध घातलेली येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, आणि पुढे ‘कोसोंग’ जोडलं की साखरही नाही. घरची आठवण फारच आली तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर आहे.

मुलगा म्हणतो, आता फोनवर सगळं कळतं. कळतं, पण विचारायला यावं लागतं. इंग्रजीत शोधलं की पर्यटकांना आवडलेली दुकानं वर येतात. पर्यटक एकदाच येतो, आणि एकदाच येणाऱ्याला काहीही खपवता येतं. पदार्थाचं नाव स्थानिक लिपीत उतरवून घ्या आणि त्याने शोधा. मग दुकानाची वेळ बघा. सकाळी सहा ते दुपारी दोन असं लिहिलं असेल तर जा. सकाळी अकरा ते रात्री अकरा आणि ऐंशी पदार्थ असतील तर सोडा. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मागच्या टेबलावर कोण बसलंय ते बघा. आणि माणसाला विचारायचं असेल तर ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं’ असं विचारू नका. तो तुमचे बूट बघून महागातलं सांगेल. ‘तुम्ही स्वतः आज कुठे जेवलात’ असं विचारा. यंत्रावरच्या मदतनीसाला, हॉटेलात खोली झाडणाऱ्या ताईला, दारावरच्या रखवालदाराला विचारा. मला या प्रश्नाचं चुकीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तीन वेळा तर विचारलेला माणूस कामावरून उठून मला दुकानापर्यंत सोडायला आला.

दोन वर्षांपूर्वी जकार्ताला शेवटचा गेलो, निवृत्तीनंतर, पत्नीला घेऊन. तांगेरांगची ती गिरणी बंद झाली आहे. फाटकाला कुलूप आणि आत गवत. रस्त्यापलीकडे वार्तेग आहे. माझ्या ओळखीची बाई नव्हती, तिची सून वाढत होती. बाकावर हिरवी जाकिटं घातलेली मुलं दाटीवाटीने बसली होती, मोटारसायकलवरून माणसं आणि पार्सलं पोचवणारी. बाहेर त्यांच्या पंधरा-सोळा गाड्या. आम्ही जेवलो, काय खाल्लं ते तोंडी सांगितलं, तिने मनात बेरीज केली. तेंपे तसंच होतं.

जकार्ताला गेलात तर साडेअकराला बाहेर पडा आणि हिरवी जाकिटं कुठे थांबतात ते बघा.